रेडिओवर पुणे केंद्र लावलं की नुसती खरखर येते. नवा रेडिओ घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. एफएम स्वच्छ लागतं, मीडियम वेव्हवरचं ७९२ किलोहर्ट्झचं पुणे केंद्र तेवढं खरखरतं, आणि हे सगळं घरभर एलईडी दिवे बसवल्यावर सुरू झालं, असं तुम्ही लिहिलंय. यात रेडिओचा दोष दिसत नाही. खरखर बहुतेक घरातच तयार होतेय.

एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स, राउटर, बहुतेक सगळ्यांच्या पोटात स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. तो सेकंदाला हजारो वेळा, बऱ्याचदा लाखभर वेळा, वीज तोडतो-जोडतो. त्यातून निघणारा कचरा थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन पडतो आणि घरातलं वायरिंग त्याची अँटेना होतं. तो अडवायला सप्लायमध्ये फिल्टर असायला हवा. स्वस्तातला चार्जर उघडून पाहिलात (प्लगमधून काढून, आणि काढल्यावरही थोडं थांबून!) तर कित्येकदा बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली दिसते आणि तिथे कॉइलऐवजी तारेचा तुकडा डकवलेला असतो. वाचले दोन-चार रुपये.

आधी चोर पकडा, खरेदी नंतर. रेडिओ सेलवर चालवा, ७९२ वर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला विसरू नका. जुने स्क्वेअर वेव्हवाले इन्व्हर्टर स्वतःच भयंकर गोंगाट करतात. खरखर गेली? मग मेन चालू करून एकेक एमसीबी पाडत जा. कोणत्या खोलीचा एमसीबी पाडल्यावर ती थांबते ते कळलं, की त्या खोलीतला एकेक प्लग काढा. नुसतं बटण बंद करण्यापेक्षा प्लग काढलेला बरा. मोबाइल न लावता बोर्डात तसाच राहिलेला चार्जरही आवाज करतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आवाज खरखरीपेक्षा घोगऱ्या गुणगुणीसारखा असेल तर पंख्याचा रेग्युलेटर तपासा. गोल फिरणारे, टप्पे नसलेले इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा लाइन कापतात. त्याजागी टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला बसवला की गुणगुण संपते.

सापडलेला बल्ब किंवा चार्जर बदलणं हाच सगळ्यात सोपा इलाज. राउटरसारखी वस्तू बदलता येत नसेल तर फेराइटची (काळ्या, चुंबकीय सिरॅमिकची) रिंग वापरा, ती वायरीतून बाहेर पडणारा हा कचरा अडवते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. मात्र ऑनलाइन मिळतात ते वायरीला नुसते चिमटणारे मणी मीडियम वेव्हवर जवळपास निरुपयोगी. मोठी रिंग घ्या आणि ॲडॉप्टरची वायर तिच्यातून आठ-दहा वेळा ओवा. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे दहा वेढ्यांना साधारण शंभरपट. रिंग रेडिओजवळ नको, गोंगाट करणाऱ्या वस्तूला चिकटून हवी. लाइनवर स्वतः कपॅसिटर जोडायचे उपाय व्हिडिओंत दाखवतात, त्या भानगडीत पडू नका. तिथे एक्स-टू (X2) वर्गाचेच, म्हणजे मेन लाइनवर जोडण्यासाठीच बनवलेले लागतात, साधा कपॅसिटर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

आणखी एक, फुकटातला उपाय. रेडिओच्या आत फेराइटची आडवी कांडी असते, तीच मीडियम वेव्हची अँटेना. तिच्या टोकांच्या दिशेने आलेलं काही तिला फारसं ऐकू येत नाही. म्हणून रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू गोल फिरवा. एका कोनात खरखर एकदम बसते. तिथे पुणे केंद्राचा आवाजही बसला, तर रेडिओची जागा बदलून पुन्हा फिरवा. स्विचबोर्डापासून आणि भिंतीतल्या वायरिंगपासून लांब, खिडकीत ठेवून बघा.

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करूनही खरखर तशीच राहिली, तर उगम शेजारी, जिन्यातल्या दिव्यात किंवा बाहेरच्या खांबावर असणार. सेलवरचा रेडिओ हातात घेऊन जिन्यातून एक चक्कर मारा, आवाज कुठे वाढतो ते कळेल. मग शेजाऱ्यांकडे जाताना तो रेडिओ चालूच ठेवून न्या, म्हणजे समजावत बसावं लागणार नाही.