वाचक विचारतात: तिकिटं थोडी, विद्यार्थी फार

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये एम.एस. करतो. अमेरिकन फुटबॉलच्या तिकिटासाठी तिथली मुलं तंबू ठोकून रात्र काढतात. स्टेडियम लाखभर माणसांचं, मग तुटवडा कसला? आणि जो रात्रभर थांबेल त्याला तिकीट, यात अन्याय तो काय? (एक पालक, नाशिक)

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डवर 1,02,733 माणसं बसतात हे खरं. पण त्यातल्या एका भागावरच विद्यार्थ्यांचा हक्क असतो. उरलेल्या जागा देणगीदार, माजी विद्यार्थी आणि हंगामभराची तिकिटं घेणाऱ्यांच्या. शिवाय घरच्या मैदानावरचे सामने हंगामात जेमतेम सात, आणि झुंबड उडते ती त्यातल्या एक-दोन सामन्यांनाच.

रांगेबद्दल आमचं मत तुमच्या उलट आहे. रांगेत माणसाची आवड मोजली जात नाही, त्याचा मोकळा वेळ मोजला जातो. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम करता येतं. ते काम किंवा प्रयोगशाळेची पाळी सोडून तो रांगेत उभा राहू शकत नाही. बरं, हजारो मुलांनी घालवलेल्या त्या रात्रीतून एकही जागा वाढत नाही.

ए अँड एममध्ये सामन्याच्या आठवड्यात सोमवारी शेवटच्या वर्षाच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिकिटं मिळतात. मंगळवार तिसऱ्या वर्षाचा, बुधवार दुसऱ्याचा, गुरुवार पहिल्याचा. ही विभागणी चांगली आहे, कारण आज गुरुवारी असलेला मुलगा चौथ्या वर्षी सोमवारी येतोच. खटकतं ते एवढंच की त्या-त्या दिवसात पुन्हा रांगच लागते. वारांचा क्रम ठेवावा आणि प्रत्येक वाराच्या आत सोडत काढावी, म्हणजे तंबूंची गरज उरणार नाही.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात सोडत आहे. प्रत्येकाला एका अर्जात चार तिकिटं मागता येतात. आम्हा चौघांना एकत्र बसायचं असतं, म्हणून चौघंही चार-चार मागतो. हे चूक आहे का? (एक विद्यार्थिनी, ओहायो)

नियमात बसतं, त्यामुळे दोष तुमचा नाही. पण तो नियम सोडत पोखरतो. समजा, एका अर्जाला तिकीट लागण्याची शक्यता 25 टक्के आहे. एकट्याने जाणाऱ्या मुलीला तेवढीच संधी मिळते. तुमच्या चौघांपैकी निदान एकाचा नंबर लागण्याची शक्यता मात्र जवळजवळ 68 टक्के होते (चारही अर्ज हुकण्याची शक्यता 256 पैकी 81). दुसरा तोटा आणखी मोठा. चौघांपैकी दोघांचे किंवा अधिक जणांचे नंबर लागण्याची शक्यता 26 टक्के आहे. म्हणजे चार माणसांच्या हातात आठ तिकिटं, आणि जास्तीची चार दामदुपटीने विकायला मोकळी.

तुमच्या विद्यार्थी संघटनेने गटाची सोडत मागावी. अर्ज गटाचा असावा, आणि त्यात प्रत्येकाचा विद्यार्थी क्रमांक घ्यावा. एक क्रमांक एकाच गटात चालेल. ज्याचं नाव घातलं त्याने स्वतःच्या खात्यातून होकार दिल्याशिवाय ते धरू नये, नाहीतर न विचारता नावं घातली जातात. गट चारापुरता ठेवावा. मग सगळ्या गटांचा क्रम एकदाच सोडतीने लावावा आणि जागा संपेपर्यंत वरून खाली वाटत जावं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, चौघांच्या गटाच्या चार चिठ्ठ्या टाकणं. मग प्रत्येक जण अनोळखी माणसं गोळा करत सुटतो. गट एकाचा असो वा चौघांचा, चिठ्ठी एकच हवी. दुसरी, वर्षांप्रमाणे अग्रक्रम असेल तिथे गटातल्या सर्वात वरच्या वर्षाचा मान सगळ्या गटाला देणं. तो सर्वात खालच्या वर्षाचा धरावा. शेवटी दोन जागा उरल्या आणि पुढचा गट चौघांचा निघाला, तर त्या खालच्या दोघांच्या गटाला द्याव्यात. लहान गटांना किंचित फायदा होतो, पण हजारो जागांत दोन-तीन जागांचा फरक नगण्य आहे.

प्रश्न : सोडत खरी झाली, वशिला चालला नाही, हे ओळखायचं कसं?

वशिला नसतानाही सोडत बिघडते. 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. एकेक तारीख घातलेल्या 366 कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने भरल्या आणि नीट ढवळल्याच नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त प्रमाणात आधी निघाल्या, आणि पुढच्या सोडतीची पद्धत बदलावी लागली.

संगणकावर काढायची असेल तर अर्ज बंद करून क्रमांकांची यादी आधी प्रसिद्ध करावी. बीजसंख्या (जिच्यावरून संगणक क्रम लावतो ती सुरुवातीची संख्या) त्यानंतर घडणाऱ्या, सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीतून घ्यावी. राज्याच्या लॉटरीचा त्या रात्रीचा निकाल उत्तम. कोणत्या सूत्राने क्रम लागणार तेही आधीच सांगावं, म्हणजे कुणालाही घरी तोच क्रम काढून पाहता येतो.

प्रश्न : तिकीट घेऊन न येणाऱ्यांचं काय करायचं?

मिशिगन विद्यापीठाने 2013 मध्ये विद्यार्थ्यांची ठरलेली आसनं काढून 'आधी येईल तो पुढे बसेल' हा नियम आणला. विद्यार्थी चिडले, आणि 2014 मध्ये हजेरीचा विचार करून आसनं पुन्हा ठरवून दिली. अलाबामा विद्यापीठाने 2019 मध्ये विद्यार्थी मैदानात आहे का हे फोनच्या ठिकाणावरून पाहून गुण द्यायला सुरुवात केली. सामन्याला आल्याचे 100 आणि खेळाच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या, भागापर्यंत थांबल्याचे 250. आम्हाला ही पाळत पटत नाही. प्रवेशद्वारावर ओळखपत्र स्कॅन झालं एवढी नोंद पुरे.

परत करणं सोपं केलं की निम्मा प्रश्न सुटतो. सामना शनिवारी असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत विनादंड परत घ्यावं आणि ते प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या गटाला आपोआप जावं. मित्राला परस्पर देऊ दिलं की ते चढ्या भावाने विकलं जातं, म्हणून हस्तांतर विद्यापीठाच्या खात्यातूनच आणि मूळ किमतीलाच व्हावं. न कळवता गैरहजर राहिल्यास पुढच्या एका सोडतीतून नाव वगळावं. आजारपणासाठी हंगामात एकदा माफी ठेवावी, आणि तिच्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागू नये.