अंगणातला सुबाभळीचा बुंधा मुळासकट कसा काढावा?

तुम्ही परभणीचे; झाड तोडून वर्ष झालं तरी बुंध्याला धुमारे फुटतात म्हणता. सुबाभूळ असतेच तशी चिवट, नुसती वरून छाटून मरत नाही. उन्हाळ्यात हात घालू नका, आपली काळी माती तेव्हा दगडासारखी होते. मृगाचे 2-3 चांगले पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की टिकावाने भोवताली 2 फूट खोल चर खणा. आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडा, मग पहार घालून बुंधा हलवा. हलला की खालचं सोटमूळ सापडेल, तेही कापा. डिझेल ओतून जाळू मात्र नका हो, माती नासते. खड्डा भरताना माती वीतभर उंच ठेवा, पावसाने ती बसते.