चौदा लाख कर्जात भरून रेसिडेन्सीला जावे का?

डॉक्टर, आपल्या पत्रातील आकडे असे आहेत: वय 34, एमबीबीएसनंतर पुण्यातील संशोधन प्रकल्पात सहा वर्षे, पगार 1 लाख 5 हजार, आणि आता नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात एमडी मेडिसिनची जागा, जिथे सुमारे 80 हजार विद्यावेतन हाती येईल. घरकर्ज 19 लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 32 हजार. इक्विटी फंडांत 14 लाख असून त्यांतील 5 लाख नफा आहे. रुजू होण्यापूर्वी हे सगळे पैसे कर्जात भरावेत का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. जागा मात्र सोडू नका.

आईचा पुण्यातील खर्च 30 हजार आणि आपला 20 हजार धरला, तर हप्ता भरून महिन्याला 2 हजारांची तूट येते. तूट लहान आहे, पण विद्यावेतन वेळेवर येईलच असे गृहीत धरता येत नाही; थकबाकीसाठी निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेला संपाची हाक द्यावी लागल्याचे महाराष्ट्राने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. दोन महिने पैसे आले नाहीत आणि चौदा लाख कर्जात अडकलेले असले, तर सलग ड्यूटी संपवून वसतिगृहाच्या खोलीवर आलेल्या माणसाला उसनवारीसाठी फोन करत बसावे लागते. ती वेळ आपल्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

त्याऐवजी नोकरी चालू असतानाच बँकेकडून कर्जाची मुदत वाढवून घ्या. आजच्या हप्त्याने कर्ज सुमारे साडेसहा वर्षांत फिटेल. मुदत बारा वर्षे केल्यास हप्ता 21,100 च्या आसपास येतो आणि तुटीच्या जागी महिन्याला 9 हजार उरतात. पूर्ण बारा वर्षे कर्ज ओढल्यास साडेपाच लाखांहून अधिक व्याज जास्त जाईल, हे खरे आहे. पण बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो, त्यामुळे एमडीनंतर ते वेगाने फेडता येईल. हिशेब मात्र चार वर्षांचा मांडा, कारण तीन वर्षांच्या एमडीनंतर बंधपत्रित सेवेचे, म्हणजे शासनाला लिहून दिलेल्या सक्तीच्या सेवेचे, एक वर्ष आहे.

फंड एकदम विकल्यास करही लागेल. वर्षाहून जुन्या युनिटवरील नफ्यातून आर्थिक वर्षाला सव्वा लाख वगळून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर आहे. म्हणजे 5 लाखांच्या नफ्यावर उपकरासह 48,750 रुपये. म्हणून नफा सव्वा लाखाच्या आत राहील इतकीच युनिट आता विकून ती रक्कम, विद्यावेतन रखडल्यास कामी यावी म्हणून, मुदत ठेवीत ठेवा, आणि पुढची विक्री लागलीच तर 31 मार्चनंतर करा. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका; नोकरी सुटल्यावर मिळणारे त्यावरील व्याज करपात्र असते, एवढे लक्षात ठेवा.

संशोधनाची सहा वर्षे वाया गेली, असे आपण दोनदा लिहिले आहे. मी ती तोट्यात धरत नाही. एमडीला प्रबंध अनिवार्य आहे, आणि विदा (डेटा) गोळा करण्यापासून लेखनापर्यंतची जी कामे सहकाऱ्यांना रात्री जागून शिकावी लागतील, ती आपल्या हातची आहेत. वॉर्डातला हात पुन्हा बसायला वेळ लागेल, म्हणूनच पहिल्या वर्षी पैशाची चिंता डोक्यावर नसावी.

एक काम याच आठवड्यात करा. आईंना मधुमेह आहे आणि त्यांचा आरोग्य विमा आपल्या नोकरीच्या गटविम्यातून आहे. राजीनामा देण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज करा आणि जुन्या आजारांचा पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो) नव्या पॉलिसीत धरला जाईल, याची लेखी खात्री करून घ्या.