‘अंतर्गत पाया’ की आतल्या भिंतीखालचे फुटिंग?

प्रश्न असा आहे: ‘गावाकडच्या घराचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये काढतो आहे. त्यात इंटिरियर फाउंडेशन फुटिंग, म्हणजे घराच्या आतल्या भिंतीखालचा किंवा कॉलमखालचा पायाचा रुंद तळ, दाखवायची सोय आहे. नकाशा मिस्त्रींच्या हातात जाणार, म्हणून सूचना मराठीत हव्यात. अंतर्गत पाया असे लिहिले तर चालेल का?’

माझ्या मते चालणार नाही. त्यातले दोन्ही शब्द अडतात.

आधी ‘अंतर्गत’. अंतर्गत परीक्षा, अंतर्गत बदल्या, पक्षांतर्गत वाद, असा हा शब्द एखाद्या व्यवस्थेच्या आतले सांगायला वापरतात. त्यात सरकारी मराठीने त्याला ‘खाली’ हा अर्थही चिकटवला आहे: योजनेअंतर्गत, कायद्यांतर्गत. आता नकाशावर ‘भिंतीअंतर्गत पाया’ वाचून मिस्त्रींनी काय समजायचे, भिंतीच्या आत की भिंतीच्या खाली? जागा सांगताना आपण ‘आतला’ म्हणतो. आतली खोली, आतली भिंत, आतला जिना. तेच लिहावे. ‘इंटिरियर’ तसाच ठेवण्यात वेगळा धोका आहे. ‘ताबा मिळाला, इंटिरियर बाकी आहे’ हे वाक्य रोज कानावर पडते आणि त्यात पीओपी, किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब येतात. पायाच्या नकाशात तो शब्द दिसला तर मिस्त्री सुताराला फोन लावतील.

‘पाया’ची अडचण जास्त मजेची आहे. पाया आपण मोजत नाही. ‘पाये’ हे अनेकवचन व्याकरणात बसते, पण ‘या घराला चौदा पाये आहेत’ असे कोणी म्हणत नाही. घराला पाया एकच. शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही तेच सांगतात: पाया आखतात, खणतात, भरतात. भिंतींच्या रेषेत सलग चर खणून तो दगडांनी भरत, त्यावरून ‘पायाभरणी’ आली. पाया भरून वर आला की जोते. हा अस्सल शब्द बोलण्यात मागे पडून ‘प्लिंथ’ पुढे आली, पण जोते तपासणीच्या दाखल्यात तो अजून टिकून आहे.

फुटिंग मात्र मोजता येते. आरसीसीच्या घरात प्रत्येक कॉलमसाठी वेगळा खड्डा, तळाला पीसीसी (बिनसळयांच्या काँक्रीटचा थर), त्यावर सळयांची जाळी, मग काँक्रीट. ‘सहा फुटिंग झाली, चार राहिली’ हे कुठल्याही साइटवर ऐकू येईल. म्हणजे ‘पाया’ सगळ्याला मिळून आणि ‘फुटिंग’ त्यातल्या एका नगाला, अशी वाटणी बोलीत आपोआप झाली आहे आणि ती मला सोयीची वाटते. फुटिंगला संस्कृतातून नवा शब्द घडवायची हौस इथे नको. जो शब्द मिस्त्री, सेंटरिंगवाला आणि इंजिनिअर तिघेही बोलतात, तो मराठीच झाला. (‘पाय’ आणि ‘फूट’ दूरचे भाऊच आहेत. संस्कृत पाद, फारसी पा आणि इंग्रजी फूट एकाच मूळ कुळातले.)

मग आतल्या फुटिंगला मराठीत रुळलेले वेगळे नाव का नाही? कारण तो भेद करायची गरज आपल्या जमिनीने पाडली नाही. ही सॉफ्टवेअर बहुतेक अमेरिकी घरबांधणी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. तिथल्या थंड राज्यांत हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि वरचे बांधकाम उचलते. म्हणून बाहेरच्या भिंतींचे फुटिंग गोठणरेषेच्या खाली न्यावे लागते. मिनेसोटाच्या नियमांत ही खोली दक्षिण भागात ४२ इंच, तर उत्तरेकडे ६० इंच आहे. घराच्या आतली जमीन उबेमुळे गोठत नाही, तेव्हा आतले फुटिंग उथळ ठेवले तरी भागते. म्हणजे तिकडे ‘आतले’ या शब्दात जागेबरोबर खोलीचाही हिशोब दडलेला असतो. आपल्याकडे खोली ठरते ती मुरूम किंवा खडक कुठे लागतो आणि वरची काळी माती किती जाड आहे यावर. आत की बाहेर याने तिथे फरक पडत नाही.

शिवाय त्या घरांत मधली एखादी भिंत वरच्या मजल्याचे वजन घेते, म्हणून तिच्याखाली फुटिंग लागते. आपल्या जुन्या लोड बेअरिंग घरांतही भार घेणाऱ्या मधल्या भिंतीला पाया असेच. वाड्यातला लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडी बैठकीवर, उभा असे. (‘तळखडा’ फुटिंगसाठी सुचवायचा मोह मलाही झाला, पण तो जमिनीवर दिसतो आणि फुटिंग गाडले जाते, तेव्हा नको.) आजच्या आरसीसी घरात आतली चार इंची भिंत नुसता आडोसा असते, ती बहुधा प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) उभी राहते आणि तिच्याखाली फुटिंग नसतेच. सॉफ्टवेअरने काढून दिले म्हणून ते नकाशात ठेवू नका, आधी इंजिनिअरना विचारा. नसलेल्या वस्तूला मराठी शब्द शोधण्यात अर्थ नाही.

रेव्हिट या इमारतींचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाउंडेशनखाली आयसोलेटेड, वॉल आणि स्लॅब अशा तीन आज्ञा वेगवेगळ्या आहेत. त्यांतली ‘वॉल’ भिंतीच्या तळाला चिकटते, भिंत सरकवली की तीही सरकते. तुमच्या नकाशात नेमके काय आहे ते पाहून असे लिहा: भिंतीखाली सलग असेल तर ‘आतल्या भिंतीचा पाया’, किंवा ते सलग काँक्रीटचे असेल तर ‘आतल्या भिंतीखालचे सलग फुटिंग’. सुटे असेल तर ‘आतल्या कॉलमचे फुटिंग’ आणि पुढे नंबर. घरभर एकच जाड स्लॅब असेल तर ‘राफ्ट’, त्याला दुसरा शब्द शोधू नका.

लेखनाचे म्हणाल तर ‘फूट’ दीर्घ, ‘फुटिंग’ ऱ्हस्व. आणि नकाशात फुटिंग ‘काढतात’ किंवा ‘दाखवतात’. ‘आखणी’ हा शब्द जमिनीवर फक्की मारतात त्या कामासाठी राखून ठेवा, नाहीतर ‘आखणी झाली’ वाचून मिस्त्री उद्याच खणायला माणसे आणतील.