घरक्रमांक टाकून जुना फोटो सापडत नसेल तर

तुमचे आजोबा १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ज्या इमारतीत राहत होते तिचा फोटो तुम्हाला हवा आहे, आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात पूर्ण पत्ता टाकूनही काही हाती लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावरून फोटो नाहीच असं धरू नका. कुठला संग्रह कोणत्या हिशेबाने लावलाय, हे आधी बघायचं असतं.

लायब्ररीच्या मिल्स्टीन विभागात (स्थानिक इतिहास आणि वंशावळीचा विभाग) शहराच्या रस्त्यांचे ५४,००० च्या वर फोटो आहेत. त्यांतले पुष्कळसे पर्सी लूमिस स्पेर या छायाचित्रकाराचे. त्यांची नोंद मुख्यतः चौकावरून केलेली आहे, म्हणून घरक्रमांक सोडा आणि एकमेकांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांची नावं टाका. हेच फोटो 'ओल्डएनवायसी' या संकेतस्थळावर नकाशावर मांडलेले आहेत, तिथे तर बोट ठेवलं की झालं. फोटोची मागची बाजू मात्र सोडू नका. जागा, दिशा, तारीख असं बरंच काही तिथे लिहिलेलं असतं. तारीख नसेल तर चित्रातल्या खुणा बघा: सहाव्या अव्हेन्यूवर उन्नत रेल्वेचे खांब दिसले तर फोटो १९३९ च्या नंतरचा नाही, कारण ती रेल्वे १९३८ च्या अखेरीस बंद झाली आणि लगेच पाडली गेली.

पण तुम्हाला नेमकी एकच इमारत हवी आहे, त्यामुळे माझी खरी भिस्त दुसरीकडे आहे. शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्ह्जमध्ये (ही लायब्ररीपेक्षा वेगळी संस्था, लोक नेहमी गल्लत करतात) १९३९ ते १९४१ या काळात मालमत्ता करासाठी काढलेले शहरातल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीचे फोटो आहेत. ते बरो (शहराचा मोठा प्रशासकीय भाग), ब्लॉक (त्यातला भूखंडांचा गट) आणि लॉट (गटातला एक भूखंड) यांच्या क्रमांकांप्रमाणे लावलेले आहेत. पत्त्यावरून ब्लॉक-लॉट काढा, मग फोटो मिळायला वेळ लागत नाही. तुमचा काळ अगदी तोच आहे, म्हणून सुरुवात इथूनच करा.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या संग्रहाबद्दल. लायब्ररीचा 'पिक्चर कलेक्शन' १९१५ मध्ये सुरू झाला. पुस्तकं-मासिकांतून कापलेली चित्रं आणि फोटो तिथे विषयवार फोल्डरांत ठेवलेले आहेत. रोमाना जाविट्झ यांनी १९२९ पासून जवळपास चाळीस वर्षं तो सांभाळला. २०२१ मध्ये हे फोल्डर बंद कपाटांत हलवायचा विचार होता, पण कलावंतांनी आणि वाचकांनी विरोध केला आणि तो मागे पडला. फार चांगलं झालं! कारण फोल्डर स्वतः चाळताना जे नजरेला पडतं, ते शोधखिडकीत शब्द टाकून कधीच पडत नाही. आजोबांची इमारत तिथे मिळणार नाही. त्या काळातली दुकानं, जिने, स्वयंपाकघरं, रस्त्यावरची गर्दी मिळेल. घराण्याचा इतिहास लिहिणार असाल तर तेही तितकंच हवं.

लायब्ररीच्या हस्तलिखित आणि अभिलेख विभागात मात्र विषय विचारून भागत नाही. तिथले कागद ज्याचे त्याच्या नावाने, खोक्याखोक्यांत असतात. आधी संग्रहसूची वाचा, खोक्याचा क्रमांक टिपा, वेळ ठरवून मगच जा.

ग्रंथपालांना लिहाल तेव्हा चौक, ब्लॉक-लॉट आणि अंदाजे वर्षं एवढं पहिल्याच पत्रात द्या. आणि चौक कोणता ते इथेही कळवा, स्पेर यांच्या फोटोंमध्ये मीही बघतो.