आयबीएम एमक्यू: ट्रिगर फर्स्ट लावूनही क्यूत मेसेज पडून का राहतात?

तुमचा प्रश्न आयबीएम एमक्यूबद्दल आहे, म्हणजे प्रोग्रामांमध्ये मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल; त्यात मेसेज क्यूत (रांगेत) थांबतात आणि ट्रिगर लावला की मेसेज आल्यावर प्रोग्राम आपोआप उठतो. थोडक्यात असा: लोकल क्यूवर ट्रिगर टाइप फर्स्ट आहे, दिवसा सगळं सुरळीत चालतं, पण अधूनमधून रात्री प्रोग्राम उठतच नाही आणि शेकड्याने मेसेज साचतात. ट्रिगर मॉनिटर (ट्रिगरचा निरोप वाचून प्रोग्राम उठवणारा) रीस्टार्ट केला की लगेच गाडी सुरू. कधी याच्या उलट, प्रोग्राम उठतो आणि २०३३ (‘मेसेज नाही’ हा एमक्यूचा कोड) देऊन बंद होतो. हा एमक्यूचा बग आहे का, आणि फर्स्टऐवजी एव्हरी (दर मेसेजला ट्रिगर) लावावं का?

बग नाही. मीही पहिल्यांदा एमक्यूलाच शिव्या घातल्या होत्या आणि त्यात दोन रात्री घालवल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘क्यूत मेसेज आहेत तोवर प्रोग्राम चालू ठेव’ असा फर्स्टचा अर्थ आपण मनाशी धरतो. तसं ते नाही. क्यू रिकामी होती आणि तिच्यात मेसेज आला, शून्याचा एक झाला, की क्यू मॅनेजर (क्यू सांभाळणारा एमक्यूचा सर्व्हर) इनिशिएशन क्यूवर, म्हणजे मॉनिटर वाचतो त्या क्यूवर, एक ट्रिगर मेसेज टाकतो. एकच. तोही त्या वेळी क्यू इनपुटसाठी कुणी उघडून बसलेलं नसेल तर. त्यानंतर मेसेज दोन होवोत की दोन हजार, तो गप्प. निरोप दिला, आता प्रोग्राम येईल आणि क्यू उपसेल, हे तो गृहीत धरतो. प्रोग्राम खरंच उठला का, हे बघायला तो जात नाही.

मग दुसरा ट्रिगर मेसेज कधी पडतो? क्यू इनपुटसाठी उघडलेला शेवटचा प्रोग्राम ती बंद करतो आणि आत मेसेज शिल्लक असतात, तेव्हा. इनिशिएशन क्यू इनपुटसाठी नव्याने उघडली जाते, तेव्हा. क्यूवर नोट्रिगर करून परत ट्रिगर केलं, तेव्हा. आणि ट्रिगर इंटरव्हल (सेटिंगमधली ठरावीक मुदत) उलटून गेल्यावर नवा मेसेज आला, तर. मॉनिटर रीस्टार्ट करणं म्हणजे यातलं दुसरं. तुम्ही काही दुरुस्त करत नाही, फक्त नव्याने निरोप पाठवायला लावता.

आता असा विचार करा: प्रोग्राम उठला, पण क्यू उघडण्याआधीच मेला. ओपन झालंच नाही, त्यामुळे क्लोजही नाही. ट्रिगर मेसेज तर मॉनिटरने केव्हाच गिळलेला. क्यूची डेप्थ (आतल्या मेसेजची संख्या) शून्यावर यायला तयार नाही, म्हणून शून्याचा एक पुन्हा होणार नाही. झालं, सगळं ठप्प.

आमच्याकडे नेमकं हेच होत होतं. प्रोग्राम आधी डेटाबेसला कनेक्ट व्हायचा, मग क्यू उघडायचा. रात्री दीडला बॅकअपसाठी डेटाबेस काही मिनिटं खाली जायचा. त्या मिनिटांत रिकाम्या क्यूत मेसेज पडला की प्रोग्राम एक एक्सेप्शन फेकून बाहेर, आणि सकाळी सहाला शिफ्टवाला बघतो तर कर्डेप्थ (सध्याची डेप्थ) हजाराच्या वर. त्या वेळात मेसेज आलाच नाही, तर रात्र शांत. म्हणून ते ‘कधीकधी’ व्हायचं, आणि एक्सेप्शन कुठे दिसायचं नाही, कारण कुणीतरी नोहप लावून मॉनिटरचं सगळं आउटपुट डेव्ह-नलला, म्हणजे कचऱ्यात, पाठवलं होतं. (ते कुणीतरी म्हणजे मीच.)

पुढच्या वेळी अडकलं की रीस्टार्टला हात लावायच्या आधी रनएमक्यूएससीत (एमक्यूच्या कमांड देण्याच्या टूलमध्ये) जाऊन तुमची क्यू आणि इनिशिएशन क्यू अशा दोन्ही क्यूंचा डिस्प्ले क्यूस्टेटस घ्या. तुमच्या क्यूवर आयपीप्रॉक्स (क्यू इनपुटसाठी किती जणांनी उघडलीय तो आकडा) शून्याहून जास्त असेल, तर कुणीतरी ती धरून बसलंय. टाइप हँडल दिलं की प्रोसेस आयडी आणि प्रोग्रामचं नाव कळतं. नुसतं ब्राउझ करणारा यात धरला जात नाही. पण तसं असतं तर मॉनिटरच्या रीस्टार्टने तुमचं काम झालं नसतं, म्हणून माझा संशय तिथे नाही.

खरी मेख इनिशिएशन क्यूच्या आकड्यांत आहे. तिथे आयपीप्रॉक्स शून्य असेल, तर मॉनिटरच मेलाय. आयपीप्रॉक्स एक आणि कर्डेप्थ शून्याच्या वर असेल, तर मॉनिटर जिवंत आहे पण अडकलाय. रनएमक्यूटीआरएम (एमक्यूसोबत येणारा ट्रिगर मॉनिटर) स्वतः सुरू केलेला प्रोग्राम संपेपर्यंत थांबून राहतो. एकाच इनिशिएशन क्यूवर पाच क्यू टांगल्या असतील आणि त्यातल्या एकीचा प्रोग्राम हँग झाला, तर बाकीच्या चौघी रांगेत. लिनक्स-युनिक्सवर प्रोसेस डेफिनिशनच्या (कुठला प्रोग्राम उठवायचा याची एमक्यूतली नोंद) एनव्हीआरडेटामध्ये एक अँपरसँड टाकला की प्रोग्राम बॅकग्राउंडला जातो आणि मॉनिटर मोकळा होतो. विंडोजवर तेच काम त्याच नोंदीतल्या ॲप्लिकआयडीत (प्रोग्रामच्या नावाच्या रकान्यात) पुढे स्टार्ट लावून होतं. आणि आयपीप्रॉक्स एक, कर्डेप्थ शून्य असेल, तर निरोप पोचला, प्रोग्राम उठला आणि मेला. आमचा प्रकार.

तसं असेल तर मॉनिटरचं आउटपुट एका फाइलीत वळवा आणि प्रोग्राम कुठल्या ओळीवर पडतो ते बघा. ‘हातानं चालवला की चालतो’ हे मला सांगू नका. ट्रिगरने उठलेल्या प्रोग्रामला मॉनिटरचा यूजर आणि मॉनिटरचं एन्व्हायर्नमेंट मिळतं, तुमचं प्रोफाइल नाही. सर्व्हर रीबूट झाल्यावर बूट स्क्रिप्टने मॉनिटर उठवला, तर जावाहोम (जावा कुठे आहे ते सांगणारं सेटिंग) गायब. तुम्ही लॉगिन करून तोच मॉनिटर उठवलात, तर ते हजर. रीस्टार्टचा गुण काही वेळा इतकाच असतो.

दुरुस्ती म्हणून आम्ही क्रम उलटा केला: आधी क्यू उघडायची, मग डेटाबेस. आता डेटाबेस नसला तरी प्रोग्राम बंद होताना क्यू बंद होते, मेसेज शिल्लक असतात, नवा ट्रिगर पडतो. यात धोका असा की डेटाबेस खाली असेपर्यंत प्रोग्राम उठतो-मरतो-उठतो असं चक्र सुरू होतं, म्हणून एररवर क्यू बंद करण्याआधी ३० सेकंद झोपायला लावलं. एकाच बिघडलेल्या मेसेजमुळेही असंच चक्र होतं. त्यासाठी बॅकआउट काउंट (मेसेज किती वेळा उचलून परत क्यूत गेला) तपासून तो मेसेज बाजूच्या क्यूत टाका. नुसतं बॉथ्रेश (त्या काउंटची मर्यादा) सेट करून क्यू मॅनेजर स्वतः काही हलवत नाही. जेएमएस क्लासेस (एमक्यूची जावा लायब्ररी) वापरत असाल, तर ते हलवतात.

शिवाय गेट करताना, म्हणजे मेसेज उचलताना, वेट इंटरव्हल (थांबायची मुदत) द्या आणि २०३३ येईपर्यंत उपसत राहा. एक मेसेज उचलून बाहेर पडणारा प्रोग्राम फर्स्टसाठी लिहिलेलाच नाही.

ट्रिगइंट, म्हणजे वरचा ट्रिगर इंटरव्हल, बघा. डिफॉल्ट ९९९९९९९९९ मिलिसेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस! आम्ही ६०००० केलं. पण तो टायमर नव्हे. मिनिट उलटल्यावर नवा मेसेज आला तरच ट्रिगर पडतो, आणि ही सेटिंग अख्ख्या क्यू मॅनेजरला लागू होते. एखादा प्रोग्राम क्यू उघडायलाच मिनिटभर घेत असेल, तर त्याच्या दोन प्रती उठतील.

एव्हरी मात्र नको. पाच हजार मेसेजची बॅच आली की पाच हजारदा प्रोग्राम उठवायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. वर एव्हरीला क्लोजनंतरचा किंवा मॉनिटर रीस्टार्टनंतरचा फेरनिरोप नाही, त्यामुळे तुमची सध्याची रात्रीची युक्तीही हातची जाईल.

राहिला २०३३. सिंकपॉइंटखाली, म्हणजे एका युनिट ऑफ वर्कचा (व्यवहाराचा) भाग म्हणून, टाकलेल्या मेसेजचा ट्रिगर ते युनिट ऑफ वर्क संपल्यावर दिसतो, मग ते कमिट (पक्कं) होवो की बॅकआउट (रद्द). पाठवणाऱ्याने बॅकआउट केलं, तर प्रोग्राम उठतो आणि क्यू रिकामी सापडते. काही बिघडलेलं नाही, रात्री फोन वाजवणाऱ्या अलर्टच्या यादीतून तो कोड काढून टाका.