चौल-रेवदंड्याला जुन्या बंदराचं आज काय उरलंय?

तुम्ही विचारलंय, "अलिबागला दोन दिवस येतोय. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर, असं वाचलं. पण फोटोत नारळाच्या वाड्या आणि पडक्या भिंतीच दिसतात. वाट वाकडी करावी असं तिथे काय आहे?"

माझं आजोळ चौलचं. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथल्या वाडीत गेल्या, त्यामुळे मनापासून सांगतो: जरूर जा. फक्त किल्ल्यापासून सुरुवात करू नका. सकाळी उजाडता उजाडता चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्याच्या बंदरावर जाऊन उभे राहा. होड्या लागलेल्या असतात, बोंबील-मांदेलीच्या टोपल्या उतरत असतात आणि लिलाव सुरू असतो. तिथे कानावर पडणारे शब्द नीट ऐका. 'लिलाव' पोर्तुगीज. 'बंदर' फारसी. 'खलाशी' अरबी. होडीच्या मालकाला म्हणतात 'नाखवा', तो मूळचा फारसी नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी. हे शब्द वापरणाऱ्या कोळणीला ते कुठून आले याच्याशी काही देणंघेणं नाही, ते तिच्या आजीकडून आलेत. जुनं बंदर बघायचं म्हणाल तर मला ते सगळ्यात आधी इथे दिसतं.

आता हे सगळे लोक इथेच का आले? कुंडलिका नदीची खाडी इथे समुद्राला मिळते, आत गलबतांना आसरा मिळतो, आणि मागे सह्याद्रीचे घाट चढून गेलं की जुन्नर, पैठणपर्यंतचा देश. माल उतरवायला जागा आणि खपवायला मुलूख, दोन्ही जवळ. पण माझ्या मते खरी गोम वाऱ्यात आहे. शिडाचं जहाज अरबस्तानातून इकडे यायचं ते नैऋत्येच्या वाऱ्यावर, पावसाचा जोर ओसरताना. परत जायचं तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबायलाच हवं. म्हणजे व्यापारी आला की निदान काही महिने मुक्काम ठरलेला. मुक्काम झाला की घर आलं, घर झालं की लग्नं आली, मुलं आली. चौलची गोष्ट ही अशा मुक्कामाला आलेल्या आणि मग इथलेच झालेल्या माणसांची आहे.

याला लेखी पुरावा आहे. अल मसुदी नावाचा अरब प्रवासी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास इथे आला होता. अरब लोक चौलला 'सैमूर' म्हणत. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. मसुदी लिहितो की सैमूरमध्ये दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. कुणी ओमानचे, कुणी इराणी आखातातल्या सिराफ बंदराचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि त्यात 'बयासिरा' म्हणून एक वर्ग आहे: इथेच जन्मलेले. परक्या मुलखातून आलेल्यांच्या या पोरांना वेगळं नाव पडावं, इतकी त्यांची संख्या झाली होती! त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. हजार वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या एका राजाची ही रीत मला फार मोठी वाटते.

पुढे १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोड्याला इकडे मोठी किंमत येते असं त्याने ऐकलं होतं. गोऱ्या माणसाचं नवल वाटून लोक त्याच्यामागून फिरायचे, हे त्यानेच लिहून ठेवलंय. इथून तो पालीवरून जुन्नरला गेला आणि अख्खा पावसाळा तिथे अडकला. वर तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अडवून धरलं. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली तेव्हा कुठे सुटका झाली. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, पाच मिनिटं तिथे थांबा.

या सगळ्यांत माझ्या जिव्हाळ्याचे म्हणाल तर बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेने सांगतात. या पट्ट्यात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आडनावं बघा: चेऊलकर, पेणकर, किहिमकर, नवगावकर. मायबोली मराठी. माझी आजी सांगायची, त्यांच्याकडून मलिद्याचं ताट यायचं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने केलेला तो प्रसाद आजी देवासमोर ठेवून मगच आम्हाला द्यायची. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, जरूर बघा. रेवदंड्यालाही एक आहे. आत जायच्या आधी विचारा आणि डोकं झाका.

रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांचा. १५०८ साली इथल्याच पाण्यात इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला होता, तरी ते हटले नाहीत. पुढे ठाण मांडून बसले. १५७०-७१ चा निजामशाहीचा वेढाही त्यांनी परतवला. अखेर १७४० मध्ये, वसई पडल्यावर वर्षभराने, चौल तहाने मराठ्यांकडे आलं. आज तटाच्या आत वाड्याच वाड्या आहेत. चर्चच्या उंच मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात. सगळे मजले आता उभे नाहीत. समुद्राच्या बाजूचा तट बघायचा तर ओहोटीची वेळ विचारून जा.

फोटोत दिसणाऱ्या वाड्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण शहर त्यांच्याखालीच आहे. माडाच्या आळ्याला पाट काढताना आजोबांच्या कुदळीला नेहमी खापरं लागायची. बहुतेक साधी लाल. एकदा बोटभर तुकडा निघाला, पांढऱ्यावर निळी वेल काढलेला, अजून गुळगुळीत. आजोबा म्हणाले, "हे आपल्याकडचं न्हवं." डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी चौलला उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळापर्यंतचे अवशेष मिळाले, चिनी मातीची भांडीही मिळाली. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. तेव्हा वाडी बघताना पायाखालीही बघा. पण उचलू नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका.

चौलमध्ये रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी आहे, दत्ताची टेकडी आहे. ती कुणीही दाखवेल. मी हिंगुळजेच्या देवळाकडे लक्ष वेधेन. हिंगलाजमातेचं मूळ ठाणं बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर आहे. ती चौलच्या टेकडीवर कशी आली असेल, याचा विचार वर उभं राहून समुद्राकडे बघत केलेला बरा.

दुपारनंतर रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव्यावरून कोर्लईला जा. किल्ला चढा, १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. पण उन्हं कलायच्या आत खाली गावात उतरा. इथले ख्रिस्ती लोक घरात 'नोलिंग' बोलतात, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण आपली, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, तरी हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. शेजारच्या गावांत ती कुणाला येत नाही. संध्याकाळी अंगणात म्हाताऱ्या बसलेल्या असतात. तुम्ही काही विचारलंत तर त्या मराठीतच उत्तर देतील. मोबाइल खिशात ठेवा आणि जरा वेळ तिथेच रेंगाळा. नातवंडं खेळून परत आली की त्या त्यांच्यावर ओरडतील, ते नोलिंगमध्ये असेल.